वळूचं रेतन कमी पडतंय: खुराक वाढवावा की कमी करावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साडेचार वर्षांचा, अंदाजे ६०० किलो वजनाचा वळू गेल्या वर्षीपर्यंत चांगलं काम करत होता. या हंगामात त्याने फळवलेल्या १४ गायींपैकी ९ उलटल्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या. म्हणून तुम्ही त्याचा खुराक ३ किलोवरून ६ किलो केला, त्यात निम्मी सरकी घातली. गायींसाठी आणलेलं खनिज मिश्रण त्यालाही सुरू केलं. शिवाय जस्त-सेलेनियमची वेगळी पावडर आणि ‘ताकदीचं’ एक औषध. पाच आठवडे झाले, फरक दिसत नाही. आता आणखी कोणतं पूरक द्यावं आणि तेच कळपातल्या दोन नर मेंढ्यांना चालेल का, हे तुम्हाला हवं आहे.

माझं उत्तर तुम्हाला उलटं वाटेल, पण आधी तेच सांगतो. सध्या आणखी काहीही देऊ नका. जे सुरू केलंय त्यातलं बरंचसं कमी करा. आणि गायींचं मिश्रण मेंढ्यांना तर मुळीच देऊ नका. का, ते आता सविस्तर लिहितो. कारण समजलं तर पुढच्या हंगामात तुम्हाला कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

सगळ्यात आधी, गायी उलटल्या म्हणजे वळूचं वीर्य बिघडलं असं अजून ठरलेलं नाही. वळूचं वीर्य उत्तम असूनही गायी उलटू शकतात आणि त्याची कारणं खाण्यात नसतात. नैसर्गिक रेतनात ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोन संसर्ग वळूकडून गायीकडे जातात. वळू दिसायला ठणठणीत असतो, त्याला ताप नाही, सूज नाही, भूक उत्तम. गायी मात्र गाभण राहून लवकरच गर्भ गमावतात आणि उशिरा, अनियमित अंतराने पुन्हा माजावर येतात. म्हणून तुम्ही पहिलं काम करायचं ते वहीतलं: त्या ९ गायी किती दिवसांनी उलटल्या? बहुतेक १८ ते २४ दिवसांत उलटल्या असतील तर बहुधा फलनच झालं नाही, म्हणजे वळूच्या वीर्याकडे किंवा रेतनाच्या वेळेकडे बघायला हवं. ३०, ४०, ५० दिवसांनी उलटल्या असतील तर मी आधी संसर्गाची तपासणी करायला सांगेन. त्या वळूला जगातलं सर्वोत्तम पूरक दिलं तरी एक गाय जास्त गाभण राहणार नाही, आणि तपासणीला उशीर झाला तर संसर्ग कळपभर पसरेल.

दुसरं, वळूची प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. यात वीर्य बघणं आलंच. पण त्याआधी पाय, खूर, डोळे, दात, वृषणांचा घेर, त्यांचा ताठपणा आणि शिस्नाची अवस्था बघतात. अनेक देशांत वापरली जाणारी साधी कसोटी अशी: दोन वर्षांवरील वळूच्या वृषणकोषाचा घेर किमान ३४ सेंटिमीटर, सरळ पुढे जाणारे शुक्राणू किमान ३० टक्के आणि निरोगी आकाराचे शुक्राणू किमान ७० टक्के. हे आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या मांसल जातींवरून ठरले आहेत. वशिंड असलेल्या जाती उशिरा वयात येतात, त्यामुळे तरुण वळूच्या बाबतीत थोडं सबुरीनं घ्यावं लागतं. तुमचा वळू साडेचार वर्षांचा आहे, म्हणून त्याला ही सवलत नाही. शिवाय त्याला एखाद्या माजावरच्या गायीजवळ सोडून नुसतं बघा. तो चढतो का, चढून काम पुरं करतो का, की अर्ध्यातून उतरतो? उतरत असेल तर दोष वीर्यात नसून पाठीत, गुडघ्यात किंवा खुरात असण्याची शक्यता मोठी असते.

आता पाच आठवड्यांच्या मुद्द्याकडे येतो. शुक्राणू एका दिवसात तयार होत नाहीत. वळूच्या वृषणात मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात. त्यानंतर तो वृषणाला चिकटलेल्या लांब, वेटोळ्याच्या नळीतून प्रवास करतो, तिथे परिपक्व होतो, त्यात आणखी आठ-दहा ते चौदा दिवस जातात. म्हणजे आज वळू जे वीर्य देतोय त्याचा पाया साधारण दहा आठवड्यांपूर्वी घातला गेला. मेंढ्यात घडण्याचा काळ ४७ दिवसांच्या आसपास आणि नंतरचा प्रवास धरून दोन महिने. तुम्ही पाच आठवड्यांपूर्वी जे बदललंत त्याचा पूर्ण परिणाम, चांगला असो की वाईट, अजून दिसलेलाच नाही. त्यामुळे ‘फरक पडला नाही’ हा निष्कर्ष आत्ता काढू नका. आणि ‘हे चाललं नाही, आता ते देऊन बघू’ असं दर पंधरा दिवसांनी करत राहिलात तर काय लागू पडलं आणि काय नडलं हे कधीच कळणार नाही.

हेच घड्याळ मागे फिरवून बघा. गायी उलटायला लागल्या त्याच्या दोन-अडीच महिने आधी काय घडलं होतं? ताप आला होता का, लाळ्या-खुरकूत झाली होती का, कडक उन्हात सावलीविना बांधला होता का, हिरवा चारा संपून नुसत्या वाळलेल्या चाऱ्यावर होता का? माझ्याकडे एकदा असाच एक वळू आला होता. मालक चाऱ्याच्या प्रत्येक पेंढीचा हिशेब सांगत होते आणि मीही चाऱ्यातच कारण शोधत बसलो होतो. शेवटी घरातल्या मुलाला आठवलं की नऊ आठवड्यांपूर्वी वळू तीन दिवस खात नव्हता आणि अंगाला हात लावला की भाजल्यासारखं वाटायचं. आम्ही काहीही नवीन दिलं नाही, फक्त विश्रांती दिली. दोन महिन्यांनी वीर्य पूर्ववत झालं होतं. त्या काळात एखादी पावडर सुरू असती तर सगळं श्रेय तिला गेलं असतं. पूरकांबद्दल जी शेकडो अनुभवकथनं ऐकू येतात त्यातली बरीचशी अशीच जन्माला येतात, म्हणून मी ती ऐकतो, पण त्यांवर औषध ठरवत नाही.

यापुढे मी असं धरून चालतो की तपासणी झाली, संसर्ग नाही आणि वीर्य खरोखर कमी प्रतीचं निघालं. तेव्हा आहाराचा प्रश्न सुरू होतो. आणि तो ‘काय कमी पडतंय’ इतकाच नसतो, ‘काय जास्त होतंय’ हाही असतो. चांगल्या सांभाळलेल्या वळूंमध्ये मला कमतरतेपेक्षा अतिरेक जास्त वेळा सापडला आहे. लोक आवडीने खाऊ घालतात, वळू अंगाने भरतो, कातडी चकाकते, बघणारे कौतुक करतात आणि वीर्य मात्र खालावत जातं.

याचं कारण वृषण शरीराबाहेर लटकतात यातच आहे. शुक्राणू नीट घडण्यासाठी वृषणांचं तापमान शरीरापेक्षा २ ते ६ अंश सेल्सिअसने कमी असावं लागतं. वृषणकोषाच्या वरच्या, मानेसारख्या भागात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. खाली येणारं गरम रक्त तिथे वर जाणाऱ्या थंड रक्ताला आपली उष्णता देतं आणि थंड होऊन वृषणात शिरतं. धान्याचा खुराक भरपूर खाणाऱ्या वळूत चरबी नेमकी याच जागी साठते. शेकोटीपाशी बसून कोणी वर आणखी घोंगडी पांघरावी, तशी वृषणांची अवस्था होते. कॅनडात १९९०च्या दशकात तरुण मांसल वळूंचे दोन गट करून हे तपासलं गेलं. एका गटाला फक्त चारा, दुसऱ्याला ८० टक्के धान्य आणि २० टक्के चारा. जास्त ऊर्जा मिळालेल्या गटात वृषणकोषाच्या वरच्या आणि खालच्या भागातला तापमानाचा फरक कमी झाला, पुढे जाणारे आणि निरोगी आकाराचे शुक्राणूही कमी निघाले. त्यांना काहीही कमी पडलेलं नव्हतं, उलट जास्तच झालं होतं.

फीत लावून मोजताना यात एक फसगत होते. वृषणकोषात चरबी असेल तर घेर मोठा भरतो आणि मालक खूश होतो. म्हणून मी फीत लावण्याआधी वृषणांच्या वरची जागा बोटांनी चाचपून बघतो. तिथे मऊ, गुबगुबीत गादी लागली तर त्या घेराच्या आकड्याला मी फारशी किंमत देत नाही.

जास्त धान्याचा दुसरा फटका पोटातून बसतो. खुराक एकदम दुप्पट केला की पोटातली आम्लता वाढते. वळू वरवर बरा दिसतो, पण शेण पातळ होतं, खुरांच्या आतला भाग सुजतो आणि उभं राहायलाही त्याला नको वाटतं. असा वळू मागच्या पायांवर भार घेऊन चढणार कसा? तुमचा खुराक ३ वरून ६ किलो किती दिवसांत झाला हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकाच आठवड्यात झाला असेल तर आज त्याचे चारही खूर हाताने चाचपा, गरम लागतात का बघा.

सरकीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या वळूच्या बाबतीत माझा पहिला संशय तिच्यावर आहे. कपाशीच्या बियांत गॉसिपॉल नावाचं पिवळसर रंगद्रव्य असतं. गायीला ते बऱ्याच प्रमाणात सोसतं, कारण पोटातले सूक्ष्मजीव आणि चाऱ्यातली प्रथिनं त्याला बांधून टाकतात. नराच्या शुक्राणूंना मात्र ते अगदी थोडं गेलं तरी बाधतं. शुक्राणूच्या शेपटीच्या सुरुवातीच्या भागाभोवती ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची गुंडाळी असते. गॉसिपॉलमुळे ती गुंडाळी जागोजागी तुटलेली किंवा अपुरी तयार होते. शुक्राणू दिसतो, संख्याही भरते, पण त्याच्यात पोहण्याचं बळ नसतं. वळू तेवढ्याच उत्साहाने काम करत राहतो, त्यामुळे बाहेरून कोणालाच काही कळत नाही.

किती सरकी चालेल, हे तिच्यावरच्या प्रक्रियेवर अवलंबून आहे. अख्ख्या सरकीत मोकळं गॉसिपॉल जास्त असतं. उष्णता देऊन तेल काढलेल्या पेंडीत त्याचा मोठा भाग बांधला गेलेला असतो, म्हणून ती तुलनेने सौम्य. कपाशीचा वाण आणि हंगाम यांनीही प्रमाण बदलतं. माझी सवय अशी की पैदाशीच्या वळूच्या एकूण कोरड्या आहारात (म्हणजे चारा-खुराकातलं पाणी वगळून उरणाऱ्या वजनात) सरकी १० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही आणि फळवण्याच्या हंगामाआधी दोन ते तीन महिने ती पूर्ण बंद ठेवतो. लहान वासरांना तर अजिबात नाही, कारण त्यांचं पोट ते बांधून टाकण्याइतकं तयार झालेलं नसतं. तुमचा वळू दिवसाला साधारण १२ किलो कोरडा आहार खात असेल तर त्यात ३ किलो सरकी म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. ती अख्खी असेल तर आजपासूनच बंद करा. चांगली गोष्ट ही की सरकी थांबवल्यावर प्रौढ वळूचं वीर्य बहुधा सावरतं, पण त्यालाही तेच दोन-अडीच महिने द्यावे लागतात. तरुण वळूंवरच्या प्रयोगात भरपूर जीवनसत्त्व ई दिल्यावर हे नुकसान बरंच कमी झालेलं दिसलं आहे. पण त्याच्या भरवशावर सरकी चालू ठेवणं मला पटत नाही.

अतिरेकाची आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. दुभत्या गायीच्या आहारात कॅल्शियम भरपूर असतं, कारण ती ते दुधातून बाहेर टाकते. वळूला असा कुठलाच मार्ग नाही. वर्षानुवर्षं गायीचंच खाद्य आणि मिश्रण खाल्लेल्या वळूंमध्ये पाठीच्या मणक्यांवर हाडं वाढून मणके एकमेकांना जोडले जाणं आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत गाठी होणं या गोष्टी पूर्वीपासून नोंदवलेल्या आहेत. असा वळू आठ-नऊ वर्षांचा झाला की चढायला कुरकुरतो आणि लोक त्याला आळशी म्हणतात. त्याची पाठ दुखत असते. म्हणून वळूचा खुराक आणि त्याचं मिश्रण गोठ्यातल्या गायींपेक्षा वेगळं ठेवा.

आता कमतरतेकडे. इथे पूरकं खरोखर कामाची आहेत, पण भोक कुठे पडलंय ते कळल्यावरच.

ऊर्जा आणि प्रथिनं हा पाया. प्रौढ वळू थोड्याफार उपासमारीत वजन गमावतो, तरी वीर्य बरेच दिवस टिकवतो. वाढत्या वयाच्या वळूला तेवढं सोसत नाही. नुसत्या निकृष्ट पेंढ्यावर असलेल्या जनावरात प्रथिनं सात-आठ टक्क्यांच्या खाली गेली की पोटातले सूक्ष्मजीवच उपाशी राहतात, चारा पचत नाही आणि जनावर खाणंच कमी करतं. अशा ठिकाणी थोडी चांगली पेंड किंवा द्विदल हिरवा चारा देणं हे कुठल्याही बाटलीबंद औषधापेक्षा मोठं पूरक ठरतं. मी वळूच्या अंगावरून हात फिरवतो. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हलकं दाबलं की बोटांना लागाव्यात. पाच गुणांच्या पट्टीवर हे तीनच्या आसपास बसतं. हंगाम सुरू होताना याहून किंचित भरलेला चालेल.

जीवनसत्त्व अ हे वाळलेल्या चाऱ्यावर जगणाऱ्या नरांचं खरं दुखणं. ते कमी पडलं की वृषणातल्या ज्या पेशींच्या थरातून शुक्राणू जन्मतात, तो थरच झिजतो. हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन भरपूर असतं आणि यकृतात त्याचा साठा दोन ते चार महिने पुरतो. उन्हात पांढरा पडलेला, वर्षभर ठेवलेला चारा मात्र जवळजवळ रिकामा असतो. पैदाशीच्या वळूला कोरड्या आहाराच्या किलोमागे ३,९०० आंतरराष्ट्रीय एकक लागतात असं धरतात, म्हणजे तुमच्या वळूला रोज सुमारे ४७,०००. रोज दोन पेंढ्या ताजा हिरवा चारा मिळत असेल तर यावर वेगळा खर्च करू नका. चार महिन्यांपासून हिरवं पानच पाहिलं नसेल तर मात्र जरूर द्या. जीवनसत्त्व ई चंही थोडंफार असंच, ताज्या हिरवळीत भरपूर आणि वाळवणीत घटत जाणारं.

जस्ताचा नराशी संबंध विशेष जवळचा आहे. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या नर कोकरांवर झालेला एक प्रयोग मला नेहमी आठवतो. आहारात किलोमागे सुमारे १७ मिलिग्रॅम जस्त असताना कोकरं उत्तम वाढली, अंगावर कसलंही लक्षण नाही. पण वृषणांची पूर्ण वाढ आणि भरपूर शुक्राणू हवे असतील तर ते पुरलं नाही, सुमारे ३२ मिलिग्रॅम असलेल्या गटातच ते साधलं. म्हणजे नर तगडा दिसतो म्हणून त्याला जस्त पुरतंय असं म्हणता येत नाही. सेलेनियमचं काम वेगळं. शुक्राणूच्या मानेचा आणि शेपटीचा सांधा ज्या प्रथिनाने बळकट होतो, त्यात सेलेनियम असतं. ते नसेल तर शेपट्या तुटलेले शुक्राणू दिसतात.

पण या दोन्हींची गरज किती छोटी आहे हे बघा. कोरड्या आहाराच्या किलोमागे जस्त ३० मिलिग्रॅम, सेलेनियम ०.१ मिलिग्रॅम. तुमच्या वळूसाठी दिवसाला जस्त साधारण ३६० मिलिग्रॅम आणि सेलेनियम जेमतेम सव्वा मिलिग्रॅम. यातलं काही चाऱ्यातून येतंच, उरलेलं एक चांगलं खनिज मिश्रण भरून काढतं. त्यावर तुम्ही वेगळी जस्त-सेलेनियम पावडर देताय. दोन्ही डब्यांवरची मात्रा घेऊन बेरीज करा. जस्त थोडं जास्त झालं तर वळू सहन करेल, पण फारच जास्त झालं तर तांबं शोषू देणार नाही. सेलेनियममध्ये पुरेसं आणि विषारी यांतलं अंतर कमी असतं. दीर्घकाळ जास्त गेलं तर शेपटीचे केस झडतात, खुरांवर आडव्या भेगा पडतात, जनावर लंगडतं. म्हणून दोनपैकी एकच ठेवा, आणि मिश्रण ठेवलं तर ते वळूला योग्य, कमी कॅल्शियमचं असू द्या.

महागडी सेंद्रिय खनिजं, म्हणजे प्रथिनाला बांधलेलं जस्त किंवा तांबं, यांबद्दल लोक फार विचारतात. माझं मत असं: जमिनीत, पाण्यात किंवा चाऱ्यात मॉलिब्डेनम, गंधक, लोह जास्त असेल तर ती साध्या खनिजांना अडवतात आणि तिथे बांधलेल्या खनिजांचा उपयोग होतो. अशी अडचण नसेल आणि साधं मिश्रण नियमित जात असेल तर त्यांनी वीर्य सुधारेल अशी आशा मी देत नाही. ओमेगा-३ चंही तसंच. शुक्राणूच्या पडद्यात या मेदाम्लांचा वाटा मोठा आहे हे खरं, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव ती मेदाम्लं वाटेतच बदलून टाकतात. पोटातून सुखरूप पुढे जाईल अशा आवरणातलं तेल लागतं, आणि तरीही वळूंमधले निष्कर्ष एकसारखे नाहीत. डुकरांमध्ये आणि कोंबड्यांमध्ये चित्र जास्त आशादायक आहे, कारण त्यांची पोटं वेगळी आहेत.

‘ताकदीच्या’ औषधाबद्दल मला स्पष्ट बोलायला हवं. त्याच्या वेष्टनावर घटक आणि मात्रा लिहिलेली नसेल तर ते लगेच थांबवा. काही ठिकाणी नराला जोर यावा म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं टोचली जातात. त्याने वळू काही दिवस तरतरीत दिसतो. पण बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं आता पुरेसं आहे, आणि वृषणांना काम करायला सांगणारा संदेश तो बंद करतो. वृषणांच्या आतलं टेस्टोस्टेरॉन, जे शुक्राणू घडवायला लागतं, तेच घटतं. वृषण लहान होतात आणि वीर्य पातळ होतं. चांगले वळू असे वाया गेलेले मी पाहिले आहेत, आणि ते पाहताना फार वाईट वाटतं, कारण मालकाने ते प्रेमापोटीच केलेलं असतं.

आता मेंढ्यांकडे. मेंढा आहाराला वळूपेक्षा लवकर आणि जास्त स्पष्ट प्रतिसाद देतो. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांना हंगामाआधी आठ आठवडे ल्युपिनसारखं प्रथिनयुक्त द्विदल धान्य वाढवून दिलं की वृषणं चाचपून कळावं इतकी वाढतात, हे तिथे वारंवार दिसलेलं आहे. मेंढा हंगामात खाणं विसरून कळपामागे फिरतो आणि वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत गमावू शकतो, त्यामुळे हंगामाआधी थोडा साठा करून ठेवणं त्याच्या बाबतीत शहाणपणाचं आहे. दोन महिने आधीपासून हळूहळू वाढवा, पाच गुणांच्या पट्टीवर साडेतीनपर्यंत न्या, तिथे थांबा.

मात्र दोन धोके आहेत. पहिला तांब्याचा. गायीला जेवढं तांबं लागतं तेवढं मेंढीला घातक ठरू शकतं. ते यकृतात महिनोन्महिने गुपचूप साठतं आणि एखाद्या ताणाच्या दिवशी एकदम रक्तात उतरतं. लघवी लालसर-काळी, डोळे पिवळे, आणि मग हाताशी वेळ उरत नाही. म्हणून गायींचं मिश्रण मेंढ्यांना नको, हे मी सुरुवातीलाच लिहिलं.

दुसरा धोका मूतखड्याचा, आणि तो नरांचाच. मेंढ्याची मूत्रनलिका अरुंद, मध्ये नागमोडी वळण आणि टोकाला एक बारीक शेंडी. धान्य आणि कोंडा यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी असतं. असा खुराक वाढला की बारीक खडे बनून याच जागांवर अडकतात. मेंढा शेपूट हलवत, कुंथत उभा राहतो, थेंब थेंब लघवी होते किंवा होतच नाही. ही तातडीची वेळ आहे, सकाळपर्यंत थांबू नका. टाळण्यासाठी आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असू द्या, मीठ आणि स्वच्छ पाणी सतत समोर ठेवा. धान्य जास्त द्यावंच लागलं तर एकूण आहाराच्या अर्धा टक्का अमोनियम क्लोराइड मिसळतात, पण ते पशुवैद्यकाशी बोलून.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुढचा वळू तुम्ही घरच्या वासरांतूनच निवडणार असाल तर सगळ्यात मोलाचं पूरक म्हणजे त्याचे पहिले सहा-सात महिने. या काळात चांगलं पोषण मिळालेल्या वासरात मेंदूकडून वृषणांकडे जाणारे संदेश लवकर आणि जोमाने सुरू होतात, वृषणं मोठी होतात आणि ते लवकर वयात येतं. याच काळात उपाशी राहिलेल्या वासराला वर्षाचं झाल्यावर कितीही चारलं तरी ती तूट पूर्ण भरून निघत नाही. नर वासराला दूध कमी पाजायची सवय असेल तर निदान ज्याला वळू म्हणून ठेवायचंय त्याच्यापुरती ती सोडा.

तुमच्या जागी मी आता काय करेन ते एकत्र सांगतो. या आठवड्यात वही काढून उलटण्याचे दिवस मोजेन, वळूची संसर्गासाठी आणि वीर्यासाठी तपासणी करून घेईन, आणि निकाल येईपर्यंत त्याला गायींत सोडणार नाही. अख्खी सरकी, ताकदीचं औषध आणि वेगळी पावडर आजच बंद. उरलेला खुराक दोन आठवड्यांत हळूहळू पुन्हा ३ किलोवर किंवा अंगावर चरबी असेल तर त्याहून खाली आणेन. पोट मात्र चाऱ्याने भरेन, शक्य तेवढ्या हिरव्या. बुरशी आलेला चारा कितीही टंचाई असली तरी त्याच्यापुढे टाकणार नाही. एकच, वळूला योग्य खनिज मिश्रण, डब्यावरच्या मात्रेत. दुपारी सावली, भरपूर पाणी, रोज थोडं चालणं. मग सरकी बंद केल्याच्या तारखेपासून ७० दिवस मोजून वीर्य पुन्हा तपासेन. मध्ये काही बदलणार नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीचे आकडे, चाऱ्याचं वर्णन, दोन्ही डब्यांवरची मात्रा आणि गायी उलटण्याचे दिवस एवढं लिहून पाठवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल. पहिल्याच तपासणीत वृषण एका बाजूला लहान, घट्ट किंवा दुखरे लागले तर मात्र ७० दिवस थांबू नका. ते आहाराचं नसतं, आणि ब्रुसेला या जिवाणूचा संसर्ग आहे का हे तपासून घ्यायला हवं. तोवर त्या वळूला हाताळताना हातमोजे घाला, कारण तो आजार माणसालाही होतो.